लोखंड थकवण्याचा उन्हाळा

कूलरच्या ताट्यांत नवं गवत भरून त्यांवर पहिलं पाणी सोडलं, की घरभर एक ओला, मातकट वास पसरतो. यवतमाळच्या माणसाला उन्हाळा लागल्याची पक्की खबर त्या वासानं मिळते. माझ्या नाकात मात्र त्याच्या सोबतीला आणखी एक वास येतो, तापलेल्या मोटारीच्या वार्निशचा. परवा आमचा कूलर माळ्यावरून उतरला, नवऱ्यानं पाईप जोडला, पाणी ठिबकायला लागलं आणि मी गॅसवरचं दूध विसरून खिडकीशी जाऊन उभी राहिले. दूध गेलं उतू. आतून नवरा ओरडला, "आली वाटते तुझी मशीन!" लग्नाला जितके उन्हाळे झाले तितक्या वेळा त्यानं ती मशीन ऐकली आहे. बिचारा आता प्रश्न विचारत नाही, दूध पुसतो.

मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात धातूंच्या तपासणीचं काम बघते. कुठलाही भाग बाहेर जाण्याआधी त्याचा नमुना माझ्या खोलीत येतो. मी तो ओढते, दाबते, वाकवते, तोडते आणि मग सही करते. तोडण्याचा पगार मिळणाऱ्या थोड्या बायकांपैकी मी एक आहे, आणि मला त्याचा भारी तोरा आहे. आमची आताची मशीन काचेच्या खोलीत, एसीत बसलेली असते. तिचा आवाज येत नाही, आलेख ती स्वतःच काढते, काही चुकलं तर स्वतःच लाल दिवा लावते. चांगलीच आहे. पण ज्या मशीनवर मी लोखंड ओळखायला शिकले ती भंगारातून उभी केलेली होती, तिच्या एका पायाखाली विटेचा तुकडा होता आणि ती चालू झाली की शेजारच्या वर्गातले सर उठून दार लावून घ्यायचे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा तो उन्हाळा. होळी होऊन गेली होती. कॉलेजच्या रस्त्यावरचा पळस ओसरत आला होता, टेकडीवरच्या सागानं सगळी पानं टाकली होती आणि त्या पानांवरून कुत्रं गेलं तरी माणूस आल्यासारखं वाटायचं. कडुलिंबाच्या मोहराचा कडवट गोड वास लॅबच्या खिडकीतून आत यायचा. दुपारी रस्त्यावर फक्त स्कार्फमधून डोळे दिसणाऱ्या मुली आणि रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. परीक्षेच्या आधीच्या त्या दिवसांना कॉलेजात सबमिशनचा सीझन म्हणायचे. झेरॉक्सच्या दुकानापुढे झुंबड, सरांच्या केबिनपुढे झुंबड, आणि काही हुशार मंडळी तयार प्रोजेक्ट विकत आणून त्यावर आपली नावं चिकटवण्यात गुंग. आम्ही तिघांनी मात्र मशीन स्वतः बांधायची असं ठरवलं होतं. मी, मारेगावचा रुपेश आणि दिग्रसजवळच्या तांड्यावरचा सुनील. रुपेश बोलायला, सुनील वायरिंगला आणि मी हुकूम सोडायला. ही कामाची वाटणी तिघांनाही मान्य होती, निदान मला तरी तसं वाटायचं.

मशीन होती लोखंड थकवायची. हो, लोखंड थकतं. एका फटक्यानं न तुटणारी सळई थोडी थोडी वाकवत राहिलं, तर ती एक दिवस तुटते. तार मागेपुढे वाकवून आपण तोडतो, तसंच. फिरणाऱ्या शाफ्टच्या नशिबी हेच असतं. ओझं त्याला खाली ओढत असतं आणि तो फिरत असतो, त्यामुळे त्याच्या अंगाचा प्रत्येक भाग प्रत्येक फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. कॉलेजात लोखंड ओढून तोडायची मोठी मशीन होती, थकवून तोडायची नव्हती. आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी विचारलं, "हाच विषय का घेतला?" मी म्हणाले, "सर, घरचं काम आहे." त्यांना वाटलं मी थट्टा करते.

घरचंच काम होतं ते. दिग्रसजवळच्या आमच्या गावात बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, एका वावरात राबत आणि एकाच भिंतीच्या दोन बाजूंच्या दोन घरांत राहत. सोयाबीनचं मळणीयंत्र दोघांनी मिळून घेतलेलं. आमच्याकडे त्याला हडंबा म्हणतात, आणि त्याचा धडधडाट ऐकला की हे नाव त्याला शोभतं याबद्दल शंका राहत नाही. दसऱ्यानंतर तो या वावरातून त्या वावरात गावभर फिरायचा. आदल्या हंगामात, ऐन मळणीत, त्या हडंब्याचा शाफ्ट तुटला. पुली सुटून मोठ्या बाबांच्या डोक्यावरून गेली आणि तुरीत जाऊन पडली. कोणाला खरचटलंही नाही. पण त्या धुळीत उभं राहून दोघं भाऊ एकमेकांना जे बोलले, त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं.

"यानं ओलं सोयाबीन कोंबलं, म्हणून तुटला," असं मोठे बाबा म्हणत. "त्यायनं पट्टा ताणून ताणून बांधला, म्हणून तुटला," असं बाबा म्हणत. एकमेकांना नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला. तुटलेल्या शाफ्टचा एक तुकडा मोठ्या बाबांनी उचलून नेला, एक बाबांनी. पुरावा म्हणून! दिवाळीत फराळाची ताटं भिंतीवरून इकडून तिकडे गेली, कारण आई आणि मोठी आई या दोघींनी ते भांडण मनावर घेतलंच नव्हतं. पण संक्रांतीला मी घरी गेले तेव्हा बाबांनी सांगितलं, की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की वावराची वाटणी करायची, मधून धुरा टाकायचा. धुरा म्हणजे बांध. लहानपणी मी ज्या वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमधून या टोकाकडून त्या टोकाला न थांबता पळत जायचे, त्याच्या मधोमध. मला रडू फुटलं, आणि रडून झाल्यावर राग आला. दोघांनी सगळ्या गावाला विचारलं होतं, तुटलेल्या लोखंडाला कोणी विचारलं नव्हतं. मी ठरवलं, की आखाजीच्या आत हा शाफ्ट कशानं तुटला ते शोधून काढायचं आणि दोघांसमोर मांडायचं. माझं वय तेव्हा असं होतं, की ठरवलं म्हणजे झालंच असं वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही मला तसंच वाटतं.

मोटार आली मारेगावहून, रुपेशच्या घरच्या कडबा कापायच्या मशीनची. ती त्यानं एसटीच्या टपावरून आणली आणि कंडक्टरशी झालेली बाचाबाची पुढचा आठवडाभर आम्हाला साभिनय ऐकवली. बेअरिंगं मिळाली दिग्रसच्या एका जिनिंगच्या भंगारात. त्यांच्या ग्रीसमध्ये वर्षानुवर्षांची रुई अडकून काळा लगदा झाला होता. तो सुईनं काढत आम्ही तिघं लॅबच्या पायरीवर बसायचो, आणि येणारा-जाणारा आम्हाला गोधडी शिवता का म्हणून विचारायचा. ओझ्यासाठी रुपेशच्या ओळखीच्या एका अडत्यानं जुनी लोखंडी मापं दिली. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ती त्याच्या दुकानात दाराला अडणी म्हणून पडलेली होती. सुनीलनं भिंतीवरचं एक साधं घड्याळ मशीनला असं जोडलं, की रॉड तुटला किंवा लाईन गेली की मोटारीबरोबर तेही थांबायचं. मग मोटारीचा वेग आणि घड्याळातली वेळ यांवरून रॉडनं किती फेरे सोसले ते काढायचं. इतकं साधं, आणि इतकं पक्कं.

मशीन पहिल्यांदा चालू केली तेव्हा टेबलावरचे पाने नाचायला लागले. सर आले, त्यांनी पाण्यानं भरलेला ग्लास मशीनच्या सांगाड्यावर ठेवला आणि म्हणाले, "ग्लासातलं पाणी हलतं आहे तोवर मला बोलवू नका." झालं. मग आमचे दिवस त्या ग्लासाकडे बघण्यात गेले. बेअरिंग इकडे सरकव, तिकडे पत्र्याची पट्टी घाल, पुन्हा चालू कर, पुन्हा पाण्यावर लाटा. बाहेर ऊन असं, की सायकलच्या सीटला हात लागला तर चटका बसायचा. एका दुपारी मी पायाखाली विटेचा तुकडा सरकवला, सुनीलनं बटण दाबलं आणि पाणी शांत राहिलं. अगदी विहिरीच्या तळाशी असतं तसं. सुनील सरळ खाली बसला आणि फोनवर आपल्या याडीला, म्हणजे आईला, गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, सांगायला लागला. ती तिकडून काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण तो ऐकता ऐकता हसत होता. त्या दिवशी आम्ही रसवंतीवर बसून इतका रस प्यायलो, की संध्याकाळी तिघांनाही जेवण गेलं नाही.

मग आले रॉड. लोहाऱ्याच्या एका लेथवर आम्ही ते करून घेतले. हडंब्याच्या शाफ्टला जे पोलाद वापरतात तेच, बोटभर जाडीचे, मधे कमरेला बारीक केलेले. मधे बारीक अशासाठी, की तुटायचं तर तिथंच तुटावं. सगळे दिसायला सारखे, म्हणून ओळखीसाठी खूण हवी होती. मी म्हणाले, टोकाला नंबर लिहू. रुपेश म्हणाला, "नंबर कोन लक्षात ठेवते बे? नावं टाकू. आपल्या तालुक्यायची." आम्हाला ते भलतंच आवडलं. दुसऱ्या दिवशी तो सगळे रॉड घेऊन बाजारात गेला, भांड्यांवर नावं टाकणाऱ्या माणसाकडे. लग्नातल्या ताटावाट्यांवर मशीनच्या टोकानं टिंबं टिंबं करून नावं टाकतात ना, तो. आपल्याकडे कुठलीही वस्तू नावाशिवाय घराबाहेर पडत नाही. पंगतीला दिलेलं पातेलं, शेजारी गेलेली वाटी, एवढंच काय, देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरही देणाऱ्याचं नाव असतं. फिरताना ते वाचता येत नाही, तरी असतं. तेव्हा रॉडवर नाव टाकलं यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. रॉडची टोकं मशीनच्या पकडीत जातात, तिथं नाव झाकलं जाईल, म्हणून रुपेशनं नाव मधल्या बारीक भागावर टाकून घेतलं. "दिसलं पाह्यजे ना," तो म्हणाला. दारव्हा, घाटंजी, पुसद, वणी, आर्णी, राळेगाव. रांगेत ठेवले तर जिल्ह्याचा नकाशाच वाटायचा.

आणि मग जिल्हा तुटायला लागला. दारव्हा लावला, चहा घेऊन येईपर्यंत तुटलेला. घाटंजी त्याच्याही आधी. वणी जरा टिकला, आर्णीनं लाज काढली. पुस्तकाप्रमाणे त्या ओझ्याला या पोलादानं दिवसभर दम धरायला हवा होता. शिवाय सारख्या पोलादाचे, सारख्या मापाचे रॉड, सारखं ओझं, आणि एकाचा हिशेब दुसऱ्याशी जुळत नव्हता. आम्ही आधी लेथवाल्याला दोष दिला, की पोलाद बदललं असणार. लेथवाल्यानं आमच्या मशीनला दोष दिला. सरांनी पाण्याचा ग्लास मागवला. पाणी शांत होतं. सर आपला चष्मा पुसत म्हणाले, "मशीन बरोबर, पोलाद बरोबर, मग चूक आहे ती तुमच्या तिघांच्या डोक्यात आहे. शोधा." इतर ग्रुपच्या फाईली बाइंडिंगला गेल्या होत्या. आखाजी तोंडावर आली होती. बाबांनी फोनवर सांगितलं, की धुऱ्यासाठी दोरी घेऊन माप घ्यायला माणूस बोलावला आहे.

रिपोर्टमध्ये तुटलेल्या रॉडचे फोटो हवे होते, म्हणून एका दुपारी मी सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडत होते. तुकड्यांची खिचडी झाली होती. कोणता कोणाचा जोडीदार हे ओळखायला नावाचाच उपयोग होत होता. 'दार' एका तुकड्यावर, 'व्हा' दुसऱ्यावर. 'घा' इकडे, 'टंजी' तिकडे. मी जोडत गेले, जोडत गेले आणि माझा हात थांबला. प्रत्येक रॉड नावातूनच तुटला होता. एकही नावाच्या बाहेर तुटला नव्हता.

कापडाच्या दुकानात माणूस कसं करतो? कात्रीनं कडेला एक छोटा चिरा देतो आणि मग नुसत्या हातानं कापड सरसर फाडतो. त्या टिंबांनी लोखंडाला तोच चिरा दिला होता. मी रुपेशला आणि सुनीलला बोलावून दाखवलं. रुपेशनं 'दार' आणि 'व्हा' पुन्हा जुळवून पाहिलं.

"म्हंजे माह्यामुळं?"

"तुझ्यामुळं," मी म्हणाले.

"सगळा जिल्हा?"

"अख्खा."

तो टेबलाला टेकला, आणि मग त्यातूनही मान वर करून म्हणाला, "पण लेकहो, अक्षर कसं मस्त होतं ना?" सर आले, त्यांनी एकेक तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि इतके हसले, की बाहेरची मुलं डोकावून गेली. "हे असंच लिहा रिपोर्टमध्ये," ते म्हणाले. "हा तुमचा सगळ्यात चांगला भाग होणार आहे." आम्ही नवे रॉड करून घेतले, बिननावाचे, आरशासारखे घासलेले. पहिला लावला तो थांबायलाच तयार नाही. घड्याळाचा काटा फिरत राहिला, आम्ही पाळीपाळीनं जेवून आलो, मशीन आपली गुणगुणत होती. त्या गुणगुणण्यासारखं गाणं मी पुढे ऐकलेलं नाही.

आजही दर उन्हाळ्यात मी कॉलेजात जाऊन ती मशीन बघून येते. तिची मोटार दोनदा बदलली आहे, विटेच्या जागी रबराचा पाय आला आहे, पण सांगाडा आणि जिनिंगची बेअरिंगं तीच आहेत. नवी मुलं तिच्यावर प्रयोग करतात आणि तिची तक्रारही करतात, म्हणजे ती अजून कामाची आहे. ती कोणी बांधली ते तिच्यावर कुठंच लिहिलेलं नाही. आमच्यापैकी कोणाला तशी हौसच उरली नव्हती. कारखान्यात माझ्याकडे एखादा तुटलेला भाग आला, की तो कोणी तोडला असं माणसं पहिल्यांदा विचारतात. मी भिंग घेते आणि तो कुठून तुटला ते बघते. आधी 'कुठून' कळलं, की 'कोणी'चा पुष्कळसा त्रास वाचतो. हा धडा मला पगार देत आला आहे, आणि तो मी त्या वर्तमानपत्रावर शिकले.

पण त्या दुपारी तुकडे जोडून झाल्यावर मला तालुक्यांचं काही सुचत नव्हतं. डोक्यात घरचा शाफ्ट फिरत होता. मी लॅबच्या बाहेर जाऊन आईला फोन लावला.

"आई, आपल्या हडंब्याच्या त्या शाफ्टवर काही कोरलेलं होतं का ग?"

"होतं ना. तुह्यंच नाव होतं. काहून विचारून राह्यली?"

"माझं?"

"मंग? तू येवढुशी होती. शाफ्ट लेथवर करून घेतला, तवा कोनाचा कोनाले जाईन म्हणून त्याच्यावर नाव टाकलं. घरातलं पहिलं लेकरू तू, म्हणून तुह्यं. छन्नीनं टाकलं होतं, येवढं आठवते."

"कोणी टाकलं? बाबांनी का मोठ्या बाबांनी?"

"ते कोनाले आठवते बाप्पा आता? दोघंही गेलते दिग्रसले."

फोन ठेवला आणि मी कडुलिंबाखाली बसून राहिले. शाफ्ट कशानं तुटला ते मला कळलं होतं. ओल्या सोयाबीननं नाही, ताणलेल्या पट्ट्यानंही नाही. माझ्या नावानं. छन्नीचा घाव तर भांड्यावरच्या टिंबांपेक्षा कितीतरी खोल. पण आता नवीच पंचाईत होती. इतके दिवस दोघं एकमेकांवर नुसता आरोप करत होते. मी पुराव्यासकट सांगितलं, की नाव कोरलं म्हणून तुटला, तर ज्यानं कोरलं तो कायमचा गुन्हेगार. दुसरा त्याला आयुष्यभर सोडणार नाही. म्हणजे धुरा मीच टाकला असं होणार. लोखंडाबद्दल मला खात्री होती, माणसांबद्दल नव्हती. तरीपण खरं काय ते समजल्यावर ते खिशात घालून ठेवणं मला कधी जमलेलं नाही. मी दोघांनाही फोन केला आणि सांगितलं, की माझ्या परीक्षेसाठी तुमच्याकडचा तुकडा पाहिजे, तुम्ही स्वतः घेऊन या. परीक्षा म्हटल्यावर दोघांपैकी कोणीच नाही म्हणू शकला नाही.

यवतमाळच्या स्टँडवर दिग्रसची गाडी लागली. बाबा पुढच्या सीटवर बसून आले होते आणि मोठे बाबा मागच्या. उतरायचं दार एकच, म्हणून दोघं एकाच दारातून उतरले, पण मधे दुसरी माणसं जाऊ देऊन. दोघांच्याही हातात पोत्यात गुंडाळलेलं लोखंड. ऑटोत मी मधे बसले. वाटेत दोघांनी मला आलटून पालटून जेवणाचं विचारलं.

सरांनी लॅब मोकळी करून दिली होती. बाबांनी आपला तुकडा बाहेर काढला. त्यांनी त्याचा बकरी बांधायचा खुंटा केला होता, त्यामुळे तो मातीनं आणि गंजानं भरलेला. मोठ्या बाबांचा तुकडा ग्रीस लावून धोतराच्या फडक्यात नीट गुंडाळलेला. एकाचा राग उघड्यावर आणि एकाचा जपून ठेवलेला, असे माझे हे दोन बाप. मी दोन्ही तुकडे रॉकेलनं पुसले आणि कड जुळवून टेबलावर ठेवले. बाबांच्या तुकड्यावर 'अश्वि' आणि मोठ्या बाबांच्या तुकड्यावर 'नी'. मधल्या उभ्या रेघेवरच तो तुटला होता. इतके महिने माझं अर्धं नाव एका घरात होतं आणि अर्धं दुसऱ्या.

मी त्यांना मोठ्या बाबांच्या तुकड्याचं तुटलेलं तोंड दाखवलं. बराचसा भाग गुळगुळीत, आणि एका कडेला थोडासा खरखरीत, गुळाची भेली फोडल्यावर असतो तसा. "हा गुळगुळीत भाग हळूहळू चिरत गेला," मी म्हणाले. "कितीतरी हंगाम. तुम्हाला दोघांना दिसत नव्हतं इतकंच. हा खरखरीत भाग शेवटच्या दिवशी गेला. तेवढाच उरला होता." मग रुपेशनं त्याच पोलादाचा, मुद्दाम नाव टाकून आणलेला एक रॉड मशीनवर चढवला. मशीन सुरू झाली, आम्ही बोलत राहिलो, आणि बोलता बोलताच खट झालं. नावातून. रुपेशनं बिननावाचा रॉड लावला, तेच ओझं, तोच वेग. तो फिरत राहिला.

"ओलं सोयाबीन त्यानं सोसलं असतं," मी म्हणाले. "ताणलेला पट्टाही सोसला असता. जिथं नाव कोरलं तिथून तो गेला."

कोणी कोरलं, हे मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही. रुपेश खिडकीबाहेर बघायला लागला.

बाबा खाकरले. "नाव म्या टाकलं होतं," ते म्हणाले.

मोठ्या बाबांनी मान वर केली. "कोनं? तू? तुले तवा छन्नी धरता येत होती का? म्या टाकलं."

"नाही दादा, म्या टाकलं. लेथवाल्याच्या ओट्यावर बसून टाकलं."

"ओट्यावर तू बसला होता, हे खरं. हतोडी माह्या हातात होती. 'नी' वाकडा झाला, तं तू दात काढून राह्यलता."

"मंग शाफ्ट कोनं धरला होता? हलला असता तं नावच नसतं झालं. म्या धरला म्हणून झालं ना?"

"धरला असशीन. घाव माह्या हाताचा. चूक माही."

"चूक माही होय दादा, म्याच म्हनलं होतं पोरीचं नाव टाका म्हणून!"

मशीनमुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. सुनीलनं ती बंद करायला हात पुढे केला, तो मी धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मी पुसलं नाही. गेले कित्येक महिने दोष एकमेकांच्या दारात टाकणारे दोघं आता तो एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते, आणि माझ्या नावासाठी. इतकी श्रीमंत मी त्यानंतर कधी झाले नाही. सर दारात उभे होते, ते दार लोटून निघून गेले.

शेवटी दोघं थकले. मोठे बाबा स्टुलावर बसले आणि फिरणाऱ्या रॉडकडे बघत राहिले. बाबा त्यांच्या शेजारी उभे. टेबलावर जुळवलेला शाफ्ट तसाच होता.

"नवीन शाफ्टले छन्नी लावू नोको," मोठे बाबा म्हणाले. "पत्र्यावर पेंटनं टाकजो पोरीचं नाव. मोठ्या अक्षरात."

"टाकतो." मग बाबा खाली बघत म्हणाले, "दादा, परवा तो माप घ्याले येऊन राह्यला. धुऱ्याचं काय कराचं मंग?"

मोठे बाबा एकदम वळले. लहानपणी बाबांना कसं रागावत असतील ते मला त्या क्षणी दिसलं.

"धुरा टाकला तं पऱ्हाटीच्या दोन ओळी वाया जातीन," ते म्हणाले. "येवढी अक्कल नाही का तुले?"